सोनचाफ्याची विहीर

सोनचाफा कॉलनीच्या पाण्याला वास येतोय हे गुरुवारी सकाळी कोणीतरी पहिल्यांदा मोठ्याने बोललं, आणि दुपारपर्यंत हे केलं कोणी, याचीच चर्चा सुरू झाली. पाणी आपोआप बिघडलं असेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही. येत्या रविवारी कॉलनीची मोठी सभा होती आणि सभा पाण्याबद्दलच होती.

दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाहून खडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कापड गिरणीने आपल्या लोकांसाठी ही कॉलनी बांधली होती. पुढे गिरणी बंद पडली. तिथल्या इंजिनियर आणि मॅनेजर मंडळींनी आपापली घरं विकत घेतली. बहुतेक सगळी मुंबई, पुणे, नाशिककडची. विहीर, रस्त्यावरचे दिवे, कचरा, सभागृह, गणपती, सगळं कमिटी बघायची. घरटी एक मत आणि हात वर करून निर्णय. शहर तेव्हा लांब होतं. नंतर ते वाढत वाढत कॉलनीच्या कुंपणाला येऊन टेकलं, तिन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले. तरी कॉलनीतली माणसं भाजी आणायला निघताना अजून म्हणायची, "जरा सिल्वासात जाऊन येते." जणू आपण सिल्वासात नाहीच.

आता नगरपालिकेने कॉलनी आपल्याकडे घ्यायची तयारी दाखवली होती. नळ त्यांचे, दिवे त्यांचे, कचऱ्याची गाडी त्यांची. हो म्हणायचं की नाही ते रविवारी ठरणार होतं.

अंजली कापडणीस कमिटीची चिटणीस होती. मूळची नाशिकची, इथल्या शाळेत इतिहास शिकवायची. ती 'नाही'च्या बाजूची होती आणि ते तिने कधी लपवलं नव्हतं. तिच्या मते सोनचाफा हे एक छोटं गाव होतं आणि गावाने आपला कारभार आपणच बघावा.

त्या सकाळी तिच्या नवऱ्याने, प्रमोदने, पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला. "वास घे."

तिने घेतला. ओलं रंगीत कापड बादलीत दोन दिवस तसंच राहिलं की येतो, तसा वास होता. पेला उजेडात धरला तर पाण्यावर निळसर तवंग दिसत होता.

"टाकी धुतली नसेल," ती म्हणाली.

"टाकीचा वास शेवाळाचा येतो. हा केमिकलचा आहे." प्रमोद खडोलीच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन बघायचा, असे वास त्याला कळायचे. "आणि नेमका याच आठवड्यात. बघ बाई, कोणाला काय हवंय ते."

एवढं बोलून तो कामाला गेला. अंजलीच्या डोक्यात मात्र ते वाक्य राहिलं.

संध्याकाळी सभागृहात कमिटी बसली. अध्यक्ष रमाकांत सामंत आदल्याच दिवशी, नात्यातलं लग्न उरकून पंधरवड्याने परत आले होते. गिरणी बंद झाली तेव्हा 'कोणीही घर सोडायचं नाही' म्हणून दारोदार फिरलेला हा माणूस. विहिरीचा गाळ काढताना स्वतः आत उतरलेला. सगळे त्यांना काका म्हणायचे.

"मी कोणाचं नाव घेत नाही," काका म्हणाले. "पण आपली विहीर आजपर्यंत कधी बिघडली नाही. मी पाठ फिरवली आणि बिघडली."

"सारंग देव टाकीपाशी बाटली घेऊन उभा होता," कोणीतरी म्हणालं. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

सारंग दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला तरुण इंजिनियर. नगरपालिकेत जायला हवं, असं तो घरोघरी जाऊन सांगत होता. त्याचं नाव निघताच चार जणांनी माना हलवल्या.

"त्याच्याकडे पंप हाऊसची किल्ली कुठून येणार?" काका हळू आवाजात म्हणाले. "किल्ली सुकदेवकडे असते."

सुकदेव पंप चालवायचा. शिरपूरकडचा माणूस, बारा-तेरा वर्षांपासून बायको कोंडाबाईसोबत पंपाजवळच्या खोलीत राहणारा. त्याला बोलावलं गेलं. तो येऊन दारातच उभा राहिला.

"सुकदेव, तुला कोणी काय दिलं ते मी विचारत नाही," काका म्हणाले. "तू माझा विश्वास तोडलास की नाही, एवढंच सांग."

सुकदेवने त्यांच्याकडे पाहिलं. "मी पाण्यात काही टाकलं नाही काका."

"ते मी विचारलं का?"

"नाही."

"मग जे विचारलं त्याचं उत्तर दे."

सुकदेवची नजर काकांवरून क्षणभरही हलली नाही आणि काकांनीच आधी मान वळवली. मग ते म्हणाले, "किल्ल्या टेबलावर ठेव. खोली महिनाअखेरपर्यंत वापर."

किल्ल्या ठेवून तो गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. अंजलीला वाटलं नाही. घरी जाताना तिला कळेना की आपल्याला नेमकं काय खटकतंय. मग लक्षात आलं. त्याने पाण्यात काय टाकलं, कधी टाकलं, हे तिथे एकानेही विचारलं नव्हतं. काकांनीसुद्धा नाही. एरवी दिव्याचा एक बल्ब गेला तरी ते अर्धा तास चौकशी करायचे.

ती घरी न जाता थेट सारंगकडे गेली. त्याने दार उघडलं आणि तिला पाहून कडवट हसला.

"या चिटणीसबाई. बाटली बघायचीय ना? ही बघा."

टेबलावर दोन बाटल्या होत्या. "आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये पाणी तपासतो मी," तो म्हणाला. "चोरून नाही, सगळ्यांदेखत भरलं. हे पाणी पिऊ नका, एवढं तुम्हाला सांगतो. कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांचं सांडपाणी जमिनीत मुरलंय. कोणाचं ते कळणार नाही, त्या बाजूला कारखाने काय कमी आहेत? पण हे एका रात्रीत होत नाही."

"गेल्या महिन्यापर्यंत पाणी चांगलं होतं."

"तेच तर मला कळत नाही." सारंगच्या आवाजातला टोमणा गेला. "दिवाळीत मी याच नळाचं पाणी तपासलं होतं. त्यात क्लोरीन होतं. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन आपोआप येत नाही, ताई."

"सुकदेव पावडर टाकत असेल."

"विचारा त्याला. मी विचारलं तर त्याची आणखी पंचाईत होईल."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती पंपाच्या खोलीवर गेली. सुकदेव भांडी पोत्यात भरत होता. महिनाअखेरपर्यंत थांबायची त्याची इच्छा दिसत नव्हती.

"सुकदेव, तुम्ही टाकीत पावडर टाकायचात का?"

"नाही ताई. कधीच नाही."

"मग पाण्यात क्लोरीन कुठून आलं?"

तो पोत्याचं तोंड बांधत राहिला. "माले नका विचारू. मी शब्द देल आहे."

"कोणाला? काकांना?"

"काकांना बी दिला होता. मग दुसऱ्या माणसाला दिला. दोन्ही शब्द एका वेळी पाळता येत नाही, म्हणून चाललो."

कोंडाबाई आतून बाहेर आली. ती पुढच्या लाईनीतल्या तीन-चार घरी कामाला जायची, काकांच्या घरीही. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ होतं. अंजलीची नजर तिथे गेलेली तिने पाहिली.

"मागच्या लाईनीत सगळ्या पोराइले असंच आहे," ती म्हणाली. "सात-आठ महिने झाले. त्या लाईनीले मत नाही, म्हणून सांगालेबी जागा नाही."

मागची लाईन म्हणजे गिरणीच्या जुन्या चाळी. तिथे धुळे-नंदुरबारकडचे कामगार भाड्याने राहायचे. पाणी त्याच टाकीचं, पण भाडेकरूंना सभेत बसायची पद्धत नव्हती. ही पद्धत कोणी घातली हे अंजलीने आजवर विचारलं नव्हतं.

"कोंडाबाई, तुम्हाला काय माहीत आहे?"

"कोंडे, चूप," सुकदेव म्हणाला.

"मी कुठे काय सांगते?" कोंडाबाई म्हणाली. "मी इतकंच म्हणते, विहिरीचं पाणी अमृत आहे असं जो सांगतो, त्याच्या घरी जारचं पाणी काय म्हणून येते? जिन्यानं वर मीच चढवते ना."

अंजली घरी आली. काकांच्या घरी जार? याच काकांनी गेल्या वर्षी सभागृहात बाटलीबंद पाणी आणलं म्हणून एका तरुण मुलाला सगळ्यांसमोर झापलं होतं. तिला वाटलं, कोंडाबाई रागात बोलली असेल. मग वाटलं, सारंग आणि सुकदेव मिळालेले असतील आणि आपल्याला मुद्दाम या वाटेने नेत असतील. प्रमोदला विचारावंसं वाटलं, पण त्याचं कालचं वाक्य आठवलं आणि त्याला यातलं किती माहीत आहे अशीही शंका आली. स्वतःच्या नवऱ्याकडे असं बघताना तिला लाज वाटली, तरी तिने त्याला काही सांगितलं नाही.

शनिवारी शाळा लवकर सुटली. कॉलनीच्या मागच्या फाटकापाशी, जिथून फक्त पंप हाऊसला जाता येतं, एक पाण्याचा टँकर उभा होता. अशा टँकरचं कोणाला नवल नव्हतं. शेजारच्या टॉवरचं बांधकाम चालू होतं आणि टँकर तिकडेच येतात असं सगळे धरून चालायचे. पण या टँकरचं तोंड टॉवरकडे नव्हतं, कॉलनीच्या फाटकाकडे होतं. आणि फाटकाच्या आत ईशा उभी होती.

ईशा काकांची सून. सातवा महिना लागलेला. तिचा नवरा निखिल कंपनीच्या कामासाठी चेन्नईला होता.

"काकाए केम बोलाव्यो तो पछी?" मग काकांनी बोलावलंच कशाला, असं ड्रायव्हर वैतागून विचारत होता. "दो हफ्ते से बंद, आज फिर बोला आओ. खोलो ना भाभी."

"नहीं खुलेगा. वापस ले जाओ," ईशा म्हणाली. तिने फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरला होता.

ड्रायव्हर काहीतरी पुटपुटत टँकर मागे घेऊन गेला. ईशाने वळून पाहिलं आणि तिला अंजली दिसली. तिचा चेहरा उतरला. मात्र ती पळाली नाही. पंप हाऊसच्या पायरीवर बसली.

"बसा अंजलीताई. मला जास्त वेळ उभं राहवत नाही."

अंजली शेजारी बसली. "हा टँकर कधीपासून येतो?"

"वर्ष होत आलं. दर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, सगळे कामावर असताना. बाबांनी ठरवलेला. विहीर जवळजवळ बंदच आहे ताई. टाकीत टँकरचं पाणी, त्यात थोडं विहिरीचं. सुकदेव फाटक उघडायचा."

"तुला कसं कळलं?"

"मला दिवस गेले तसे बाबा माझ्यासाठी जार आणायला लागले. म्हणाले, डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते असं काही म्हणालेच नव्हते." ती थांबली. "मग मी विचार केला, माझ्या एकटीसाठी जार, म्हणजे बाकीच्यांना काय पाजतायत? बाबांना विचारलं तर म्हणाले, रविवारची सभा होऊ दे, मग नवी बोअर मारू. मागच्या लाईनीतली पोरं पाहिलीत तुम्ही? तिकडे पाणी सगळ्यात शेवटी सोडतात, टँकर उशिरा आला की त्यांच्या वाट्याला निव्वळ विहिरीचं पाणी येतं."

"म्हणून टँकर बंद केलास?"

"बाबा लग्नाला गेले, तेव्हा मी सुकदेवला म्हटलं, फाटक उघडू नका. जे पाणी आहे ते सगळ्यांना दिसू दे. माझं नाव सांगू नका असंही म्हटलं. त्याला काढून टाकतील, असं मला वाटलं नव्हतं." तिने ओढणीने चेहरा पुसला. "बाबांना वाटतंय, सारंगने त्याला फोडलं. बाबा माझ्यावर संशय घेतच नाहीत. तेच मला सहन होत नाही. आत्तासुद्धा ड्रायव्हरने फाटकाशी पोचल्यावर त्यांनाच फोन केला होता, ते झोपलेत म्हणून मी उचलला."

त्याच संध्याकाळी अंजली काकांकडे गेली. तिने ईशाचं नाव घेतलं नाही. दुपारी मागच्या फाटकाशी टँकर पाहिला, एवढंच सांगितलं. काका उठून खिडकीपाशी गेले. तिथून टॉवरच्या बाल्कन्यांमध्ये वाळणारे कपडे दिसत होते.

"तू तरी समजून घेशील असं वाटलं होतं," ते म्हणाले. "विहीर गेली की दिवे जातील. मग सभागृह. मग एक दिवस पाटी जाईल आणि आपण अमुक वॉर्ड होऊ. आपलं म्हणून काय उरेल इथे? गुजरातीत बिल, हिंदीत नोटीस."

"काका, मुलांच्या अंगावर पुरळ आलंय."

"मी चांगलंच पाणी आणत होतो ना? विकत आणत होतो. माझ्या पदरचं."

"आणि सुकदेव?"

"त्याने फाटक उघडलं असतं तर कोणालाच काही झालं नसतं."

गणपतीत आरतीचा पहिला मान ज्याला द्यायचा असतो, तो हाच माणूस होता. आणि तो मनापासून हेच मानत होता की चूक सुकदेवची आहे.

"उद्या सभेत तुम्ही स्वतः सांगा," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर लोक ऐकून घेतील."

"बघू," काका म्हणाले.

रविवारी सभागृह भरलं. अंजलीने सुरुवातीलाच ठराव मांडला की आज मागच्या लाईनीलाही मत असावं, कारण नळ त्यांच्याही घरात आहे. कुजबुज झाली. दोन-चार जण नियम काय म्हणतो ते विचारायला लागले. कोणीतरी म्हणालं, ही सारंगची खेळी आहे. कोणी म्हणालं, चिटणीसबाईच फिरल्या. पण दारात मागच्या लाईनीतल्या बायका येऊन थांबल्याच होत्या, आणि त्यांना जा म्हणायला कोणी उठलं नाही.

मग काका बोलायला उभे राहिले. अंजली वाट पाहत होती. ते गिरणीबद्दल बोलले, विहिरीच्या गाळाबद्दल बोलले, बाहेरची माणसं आपल्यात फूट पाडतात म्हणाले. टँकरचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"आपल्या विहिरीला कोणीतरी दृष्ट लावली," ते म्हणाले. "ती परत गोड होईल. मला एक वर्ष द्या."

अंजली उठली. ती सावकाश बोलली. "काका, वर्ष आपण घेतलंय आधीच. वर्षभर आपण टँकरचं पाणी पितोय. विहीर केव्हाच बिघडलीये. सुकदेवने काहीही केलेलं नाही."

सभागृहातले सगळे काकांकडे बघायला लागले, ते हे खोडून काढतील म्हणून. काकांनी माईक टेबलावर ठेवला.

"कोणी सांगितलं हिला?" ते विचारत होते, पण कोणाला ते कळत नव्हतं. "सुकदेवने?"

"मी सांगितलं बाबा," ईशा मागच्या खुर्चीवरून म्हणाली. ती उभी राहिली नाही. "फाटकही मीच बंद करायला सांगितलं होतं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्ता चुकलेला माणूस ओळखीची खूण शोधतो तसे ते सुनेकडे बघत होते. मग ते खुर्चीचा आधार घेत दाराकडे चालू लागले. दारातल्या बायकांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

मतदान झालं. नगरपालिकेच्या बाजूने खूप हात वर आले, दारातल्या बायकांचेही. अंजलीनेही हात वर केला, आणि तो तिला जड वाटला. प्रमोदने केला नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, "मला आधी सांगायला हवं होतंस." तिने मान डोलावली. आपण त्याच्यावरही संशय घेतला होता, हे तिला सांगायचं होतं, पण त्या दिवशी तरी ते जमलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती सुकदेवला शोधत खडोलीला गेली. तो एका कारखान्यात पंपावरच लागला होता. तिने कमिटीच्या वतीने माफी मागितली आणि परत यायला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"माफी मागितली ते बरं केलं ताई," तो म्हणाला. "पण इथे मी नवा आहे. काही बिघडलं तर मला नवा समजून विचारतील. तिकडे मी जुना होतो, आणि कोणी विचारलंच नाही. नाही येत."

कोंडाबाईला मात्र कॉलनी सोडायची नव्हती, तिची कामं तिथेच होती. म्हणून दोघांनी मागच्या लाईनीत एक खोली भाड्याने घेतली. सुकदेव सायकलने खडोलीला जाऊ लागला.

नगरपालिकेचं पाणी पावसाळ्याआधी आलं. विहिरीवर जाळी बसली. कॉलनीची पाटी तिथेच राहिली, तिच्याखाली वॉर्डाची छोटी पाटी लागली. ईशाला मुलगी झाली. काका तिला मांडीवर घेऊन गॅलरीत बसलेले दिसायचे. सुनेशी ते बोलायचे की नाही, ते बाहेरच्यांना कळलं नाही. सभागृहात मात्र ते पुन्हा आले नाहीत.

अध्यक्षपद अंजलीकडे आलं. पहिल्या बैठकीत ती म्हणाली की टाकी धुऊन झाली आहे, पाणी तपासलं आहे, ठीक आहे. पूर्वी एवढ्यावर पुढचा विषय निघायचा.

"कशावरून?" मागच्या खुर्चीवरून कोंडाबाईने विचारलं. "तपासलं कोणी?"

काहींनी वळून पाहिलं. अंजलीला आधी टोचलं. मग तिने सारंगला लॅबचा कागद वाचून दाखवायला सांगितलं, आणि तो वाचत असताना कोंडाबाईने मध्येच थांबवून दोन शब्दांचा अर्थ विचारला. त्या बैठकीला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.